हानिवा : प्राचीन जपानमधील थडग्यांवरील मृण्मय मूर्ती

प्राचीन जपानमध्ये राजे, सरदार व स्थानिक सत्ताधीश यांच्या थडग्यांवर मातीची प्रचंड टेकाडे उभारीत असत. या टेकाडांच्या माथ्यावर, उतारांवरील पायऱ्यांवर व सभोवतालच्या बांधांवर भाजलेल्या मातीच्या ज्या वस्तू व मूर्ती ओळीने रोवून ठेवीत, त्यांना ‘हानिवा’ ही संज्ञा आहे. ‘हानि’ म्हणजे चिकणमाती आणि ‘वा’ म्हणजे कडे किंवा वर्तुळ, अशी या जपानी शब्दाची फोड करण्यात येते. इ. स. तिसऱ्या शतकाच्या मध्यापासून सहाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे सु. साडेतीनशे वर्षे, ही प्रथा चालू होती. साधे पोकळ नळकांडे हा हानिवाचा मूळ आणि संख्येने सर्वांत मोठा प्रकार होय. घरे, ढाली, छत्रे, नौका, पक्षी, घोडे व माणसे यांच्या प्रतिकृती त्यानंतर क्रमाक्रमाने अवतरल्या. जपानमधील अतिप्राचीन जोमोन संस्कृतीतील ‘दोगू’ या मृण्मय मूर्तींशी हानिवांचा पुष्कळदा घोटाळा केला जातो. परंतु दोगू त्यांच्या कितीतरी शतके आधीच्या असून त्यांचा या टेकाडांशी काही संबंध नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : ज्या थडग्यांवर हानिवा आढळतात, त्यांना ‘कोफुन’ (जुनी थडगी) म्हणतात. त्यांवरूनच जपानच्या इतिहासातील सु. २५० ते ६०० या कालखंडास कोफुन काळ असे नाव मिळाले. जपानमध्ये लहानमोठी मिळून सु. १,६०,००० थडगी नोंदली गेली आहेत. त्यांतील सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण प्रकार म्हणजे एका बाजूस वर्तुळाकार व दुसऱ्या बाजूस समलंब चौकोनी असे, वरून पाहिले असता कुलपाच्या छिद्रासारखे दिसणारे टेकाड. ओसाकाजवळील साकाई येथील दाइसेन कोफुन हे यांतील सर्वांत मोठे. परंपरेने ते सम्राट निंतोकू याचे थडगे मानले जाते. त्याची लांबी पूर्वी ४८६ मी. सांगितली जाई, खंदकाच्या पाण्याखालील भागाच्या अलीकडील मोजणीनंतर मूळ लांबी पाचशे मीटरांहून अधिक असावी, असे दिसून आले. या एका थडग्यावर सु. ३०,००० नळकांडी हानिवा रोवलेले असावेत, असा अंदाज आहे. या परिसरातील मोझू-फुरुइची थडग्यांच्या समूहाचा २०१९ मध्ये जागतिक वारसास्थळांत समावेश झाला.

अशी थडगी बांधणे हे हजारो माणसांच्या दीर्घकाळ श्रमांचे काम होते. याच काळात यामातो (सध्याचा नारा परिसर) येथील राजसत्ता बलवान होऊन तिने दूरदूरच्या सरदारांना आपल्या वर्चस्वाखाली आणले. थडग्याचा आकार व आकारमान, त्यावरील हानिवांचे प्रकार व संख्या यांवरून मृताचे या व्यवस्थेतील स्थान प्रकट होई. म्हणून हानिवांचा विचार करताना धर्मभावना आणि राजसत्ता या दोन गोष्टी एकमेकींपासून सर्वस्वी वेगळ्या काढता येत नाहीत.

निर्मितितंत्र : हानिवा घडविण्यासाठी कुंभाराचे फिरते चाक वापरीत नसत. मातीच्या वळ्या एकावर एक रचून त्या हाताने जोडीत व पोकळ नळकांडे वर चढवीत. त्याचा पृष्ठभाग लाकडी पट्टीच्या कडेने खरवडून सारखा करीत. या पट्टीच्या रेषांचे बारीक ओरखडे बहुतेक हानिवांवर स्पष्ट दिसतात. नळकांड्याभोवती आडवे उठावाचे पट्टे चिकटवीत आणि दोन पट्ट्यांमधील जागेत गोल, चौकोनी वा त्रिकोणी भोके पाडीत. बुडाकडचा भाग जमिनीत पुरला जाई. माणूस, घोडा वा घर यांच्या मूर्तीही आतून पोकळच असत. आरंभी हानिवा उघड्या आव्यात भाजीत, त्यामुळे त्यांच्यावर काळे डाग पडत. पाचव्या शतकात कोरियातून आलेल्या कारागिरांबरोबर उतारावर खोदलेल्या बोगद्यासारख्या भट्टीचे तंत्र जपानमध्ये आले आणि त्यानंतर हानिवा एकसारखे भाजले जाऊ लागले. ओसाका प्रांतातील ताकात्सुकी येथील शिनइके या स्थळी तीन कार्यशाळा व १८ भट्ट्या उजेडात आल्या असून हे उत्पादन किती सुसंघटित होते, याची त्यावरून कल्पना येते. आज तांबूस-तपकिरी दिसणाऱ्या अनेक मूर्ती मूळात रंगविलेल्या होत्या. चेहऱ्यावरील तांबड्या रंगाचे पट्टे काहींवर अजूनही ओळखू येतात.

उत्पत्तीची दंतकथा : हानिवांच्या उगमाविषयीची सर्वांत प्रसिद्ध कथा निहोन शोकी या ७२० मध्ये पूर्ण झालेल्या राजकीय इतिहासग्रंथात येते. या कथेनुसार सम्राट सुइनिन याच्या भावाच्या मृत्यूनंतर त्याच्या सेवकांना थडग्याभोवती जिवंत पुरून उभे करण्यात आले. ते कित्येक दिवस आक्रोश करीत राहिले व अखेर मरण पावले. त्यांच्या देहांवर कुत्री व कावळे तुटून पडले. त्या आक्रोशाने सम्राट व्यथित झाला. चार वर्षांनी सम्राज्ञी हिबासुहिमे हिचे निधन झाले, तेव्हा नोमी नो सुकुने या दरबारी पुरुषाने इझुमो प्रांतातून शंभर कुंभार बोलावून माणसांच्या, घोड्यांच्या व इतर वस्तूंच्या मातीच्या प्रतिमा करविल्या आणि जिवंत माणसांऐवजी त्या थडग्यावर उभ्या करण्याची सूचना केली. सम्राटाने ती आनंदाने मान्य केली आणि सुकुने यास ‘हाजी’ (मृत्पात्रकार) हे कुलनाम देऊन गौरविले.

ही कथा मनाला सहज पटते. क्रूर रूढीच्या जागी करुणेने कलाकृती आली, हा तिचा आशय कोणासही भावण्यासारखा आहे, आणि कित्येक शतके तोच हानिवांचा अर्थ म्हणून स्वीकारला गेला. मात्र पुरातत्त्वीय पुराव्यापुढे ती टिकत नाही. पहिली गोष्ट अशी की, माणसांच्या मूर्ती हा हानिवांचा प्रारंभ नसून त्यांच्या विकासातील बऱ्याच उशिराचा टप्पा आहे. हानिवांची प्रथा रूढ झाल्यानंतर दोनएकशे वर्षांनी, पाचव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास त्या दिसू लागतात. जिवंत माणसांऐवजी मूर्ती ठेवण्यासाठी जर हानिवा निर्माण झाले असते, तर मानवी मूर्ती सर्वांत आधी सापडावयास हव्या होत्या. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे : नारा येथील जे थडगे परंपरेने खुद्द हिबासुहिमे हिचे मानले जाते, तेथे ढाली, छत्रे व घर यांच्या आकाराचे हानिवा मिळाले आहेत, मानवी मूर्ती मात्र मिळालेली नाही. तिसरी गोष्ट म्हणजे, थडग्याभोवती ओळीने जिवंत पुरलेल्या माणसांचे अवशेष जपानमधील उत्खननांत आढळलेले नाहीत.

याचा अर्थ मृताबरोबर माणसे मारण्याची चाल जपानमध्ये मुळीच नव्हती, असा मात्र घेता येत नाही. तिसऱ्या शतकातील चिनी इतिहासग्रंथात हिमिको या राणीच्या मृत्यूनंतर (सु. २४८) मोठे टेकाड रचून शंभराहून अधिक दासदासी तिच्याबरोबर पुरल्याचा उल्लेख आहे. ६४६ च्या राजाज्ञेत धन्यामागे स्वतः मरणे, दुसऱ्यास मारणे आणि मृताचा घोडा बळी देणे यांस मनाई केलेली आहे. ज्या गोष्टीची मनाई करावी लागते, ती लोकांना ठाऊक असते, हे उघड आहे. तथापि त्या चालीतून हानिवा उद्‌भवले, हे यावरून सिद्ध होत नाही.

मग ही कथा आली कोठून? तिचे उत्तर बहुधा हाजी कुलाच्या इतिहासात आहे. हे कुल राजघराण्याच्या अंत्यविधींची व्यवस्था वंशपरंपरेने पाहत असे. निहोन शोकी रचला गेला, तेव्हा हानिवांची प्रथा बंद पडून शतकाहून अधिक काळ लोटला होता. त्या काळी आपला व्यवसाय एका पुण्यकृत्यातून निर्माण झाला, असे सांगणारी कुलकथा या घराण्याला प्रतिष्ठा देणारी होती. पुढे अंत्यविधींशी जोडलेले हे नाव त्यांना अमंगल वाटू लागले. ७८१ मध्ये या कुलातील एका शाखेने राजाची अनुमती मागून ‘सुगावारा’ हे नवे नाव घेतले. ज्याला जपानमध्ये विद्येची देवता म्हणून आजही पूजिले जाते, तो सुगावारा नो मिचिझाने (८४५–९०३) हा पंडित याच शाखेतला. सारांश, सुकुनेची कथा हानिवांच्या जन्माची साक्ष नसून, त्यांचे मूळ प्रयोजन विस्मरणात गेल्यावर त्यांना दिलेला अर्थ आहे. आठव्या शतकातील लोकांच्या नैतिक जाणिवेचा पुरावा म्हणून मात्र तिचे मोल मोठे आहे.

खरा उगम : हानिवांचे मूळ किबी (सध्याचा ओकायामा व त्यालगतचा भाग) या प्रदेशात सापडले. तेथे यायोई काळाच्या अखेरीस, दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत, सरदारांच्या थडग्यांवर मोठे अलंकृत रांजण व त्यांखाली ठेवण्याच्या उंच नळकांड्यासारख्या बैठका मांडीत असत. त्यांवर वक्र व सरळ रेषांची गुंतागुंतीची नक्षी कोरलेली असे. कुराशिकी येथील तातेत्सुकी टेकाडावर अशा बैठका आढळल्या आहेत. मृताला अन्नपेय अर्पण करण्याच्या व उत्तराधिकाऱ्याने त्याच्यासह भोजन करण्याच्या विधीत त्यांचा उपयोग होत असावा. कोंदो योशिरो व हारुनारी हिदेजी या पुरातत्त्वज्ञांनी १९६७ मध्ये या बैठका आणि नळकांडी हानिवा यांमधील आकारांची अखंड साखळी दाखवून दिली. बैठक हळूहळू साधी होत गेली, तिची नक्षी लोपली, केवळ भोके व पट्टे उरले आणि ती जमिनीत रोवली जाऊ लागली. रांजण बैठकीलाच जोडला जाऊन त्यातून वरच्या बाजूस फुलासारखा उमललेला एक उपप्रकार झाला. जपानी अभ्यासक त्याला ‘प्रभातपुष्पाकार’ हानिवा म्हणतात. सर्वांत प्राचीन राजकीय थडग्यांपैकी एक असलेल्या नारा प्रांतातील हाशिहाका येथे किबी पद्धतीच्या बैठका व आद्य हानिवा मिळाले असून ही प्रथा किबीहून यामातोच्या राजसत्तेकडे कशी आली, हे त्यावरून स्पष्ट होते.

या शोधाने हानिवांच्या अर्थाची दिशाच बदलली. त्यांच्या मुळाशी बळी नसून नैवेद्य आहे. प्रत्यक्ष अन्न ठेवण्याचे पात्र प्रथम बुडात भोक पाडून निरुपयोगी केले गेले, मग ते केवळ प्रतीक बनले; आणि अशी शेकडो प्रतीके ओळीने मांडली गेल्यावर त्यांचेच कुंपण झाले. ‘मृताला कधीही न संपणारे अर्पण’ आणि ‘मृताच्या भूमीभोवतीची मर्यादा’ हे दोन्ही अर्थ एकाच नळकांड्यात एकवटले. जिवंतांचे जग येथे संपते व पवित्र भूमी येथे सुरू होते, अशी ती खूण होती. अशी सीमा दुहेरी काम करते. बाहेरील अमंगल आत शिरू नये, हा तिचा एक हेतू. आतील सामर्थ्यवान मृतात्मा अनावरपणे बाहेर पडू नये, हा दुसरा.

प्रकार व त्यांचे अर्थ : चौथ्या शतकात हानिवांमध्ये वस्तूंच्या प्रतिकृतींची भर पडली. टेकाडाच्या माथ्यावर, नेमक्या दफनस्थानाच्या वर, घराच्या आकाराचे हानिवा ठेवीत. उंच छपराचे दिवाणखाने, धान्याची कोठारे व साधी घरे असे त्यांचे प्रकार आहेत. मृताच्या आत्म्याचे ते निवासस्थान, असा त्यांचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. त्याच्या हयातीतील वाड्याची ती प्रतिमा आहे, असेही काही मानतात. घरांभोवती ढाली, भाते व चिलखते यांचे हानिवा असत. ढालींचे दर्शनी अंग बाहेरच्या बाजूस वळविलेले असे. म्हणजे त्या आतील गोष्टीचे रक्षण करीत होत्या. छत्र हे उच्च पदाचे चिन्ह होते. ते मृताच्या माथ्यावर मृत्यूनंतरही धरलेले राहिले.

पक्ष्यांमध्ये कोंबडा सर्वांत आधी येतो. जपानी पुराणकथेत सूर्यदेवता आमातेरासू गुहेत दडून बसते, तेव्हा तिला बाहेर काढण्यासाठी देव कोंबड्यांना आरवावयास लावतात. अंधार सरून प्रकाश परतण्याचा सूचक म्हणून कोंबड्याची थडग्यावरील योजना अर्थपूर्ण ठरते. पाणपक्ष्यांचे हानिवाही मोठ्या संख्येने मिळतात. ओसाका प्रांतातील त्सुदो शिरोयामा या थडग्याच्या खंदकात रचलेल्या छोट्या बेटावर हंससदृश पक्ष्यांचे हानिवा सापडले. यामातो ताकेरू हा वीर मृत्यूनंतर शुभ्र पक्षी होऊन उडून गेला, अशी आख्यायिका आहे. तेव्हा आत्म्याचे वाहन वा रूप म्हणून पक्ष्यांकडे पाहिले जात असावे. मात्र या आख्यायिका हानिवांनंतर बऱ्याच काळाने लिहिल्या गेल्या, हे विसरता कामा नये.

नौकांचे हानिवा कमी असले, तरी अत्यंत महत्त्वाचे आहेत. मिए प्रांतातील मात्सुसाका येथील ताकाराझुका क्र. १ या पाचव्या शतकाच्या आरंभीच्या थडग्यावर १४० सेंमी. लांबीची नौका मिळाली. तिच्यावर तलवार, राजदंडासारख्या काठ्या व छत्र उभे आहे. पण एकही माणूस नाही. अधिकारचिन्हेच प्रवास करीत आहेत आणि त्यांचा स्वामी अदृश्य आहे, असे तिचे दृश्य आहे. मृतात्म्याला परलोकी नेणारी ही नौका असावी, असे मत प्रबळ आहे. क्यूशूमधील थडग्यांच्या भिंतींवर रंगविलेल्या नौकांच्या टोकाशी पक्षी बसलेला आढळतो, याचाही त्यास आधार मिळतो. ही नौका २०२४ मध्ये राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित करण्यात आली.

मानवी मूर्ती : पाचव्या शतकाच्या मध्यानंतर माणसे व घोडे यांच्या मूर्ती अवतरल्या आणि हानिवांच्या मांडणीला दृश्यकथेचे स्वरूप आले. पेला पुढे करणारी पुजारीण, मांडीवर तंतुवाद्य घेतलेला वादक, हातावर ससाणा बसवलेला शिकारी, खांद्यावर कुदळ टाकलेला शेतकरी, मल्ल, चिलखतधारी योद्धा, जीन-रिकिबींसह सजविलेला घोडा व त्याचा मोतद्दार अशा अनेक व्यक्तिरेखा त्यांत आढळतात. डोळे व तोंड यांच्या जागी केवळ छेद दिलेले असतात. या रिकाम्या छेदांमागील अंधारामुळे चेहऱ्यांना शांत, काहीसा दूरस्थ भाव प्राप्त झाला आहे. गुम्मा प्रांतातील ओता येथे मिळालेली पूर्ण शस्त्रसज्ज योद्ध्याची १३०.५ सेंमी. उंचीची मूर्ती १९७४ मध्ये राष्ट्रीय ठेवा ठरली. हा मान मिळालेला तो पहिला हानिवा होय. ती टोकिओ राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

अशा मूर्ती सुट्या पाहिल्यास त्यांचा अर्थ निसटतो. त्यांची मूळ मांडणी महत्त्वाची असते. गुम्मा प्रांतातील ताकासाकी येथील होदोता हाचिमानझुका या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील थडग्याच्या बांधावर पन्नासहून अधिक मूर्तींचा समूह मिळाला. त्यात आसनस्थ पुरुष व त्याला पेला देणारी स्त्री, रानडुकराची शिकार, पाणपक्षी, योद्धे व घोड्यांची रांग असे निरनिराळे गट स्पष्ट ओळखता येतात. ताकात्सुकी येथील इमाशिरोझुका हे सहाव्या शतकाच्या पूर्वार्धातील थडगे सम्राट केइताइ (मृत्यू ५३१) याचे असावे, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. तेथे २००१-०२ च्या सुमारास झालेल्या उत्खननात सु. ६५ मी. लांबीच्या पट्ट्यात दोनशेहून अधिक आकृतिरूप हानिवा उजेडात आले. कुंपणाच्या आकाराच्या हानिवांनी या पट्ट्याचे चार भाग केलेले होते. एका भागातून दुसऱ्यात जाण्यास दारे होती. सर्वांत आतील भागात घरे होती, तर बाहेरच्या भागांत पुजारिणी, योद्धे, मल्ल, घोडे व पक्षी.

हे दृश्य कशाचे, याबद्दल मतभेद आहेत. मिझुनो मासायोशी यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी असे प्रतिपादिले की, नवा सत्ताधीश मृताकडून अधिकार ग्रहण करतो, त्या विधीचे हे चित्रण होय. दुसऱ्या मतानुसार हा ‘मोगारी’चा देखावा आहे. दफनापूर्वी मृतदेह एका तात्पुरत्या वास्तूत दीर्घकाळ ठेवून त्याच्या सभोवती अन्न, गायन व नृत्य यांचे विधी करीत, त्यांस मोगारी म्हणत. मृताच्या हयातीतील पराक्रमांचे हे स्मरण आहे, असे तिसरे मत. आणि परलोकात त्याला मिळावयाच्या दरबाराची ही रचना आहे, असे चौथे. ही मते परस्परांना सर्वस्वी छेदणारी नाहीत. मृत्यूने राजसत्तेत पडलेली पोकळी भरून काढणे आणि मृताला नव्या स्थानी प्रतिष्ठित करणे या एकाच प्रसंगाच्या दोन बाजू होत्या.

अर्थ लावताना किती सावध राहावे लागते, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. साइतामा प्रांतातील नोहारा येथे १९३० मध्ये मिळालेल्या दोन मूर्ती ‘नाचणारी माणसे’ म्हणून जगभर ओळखल्या जातात. गोल डोळे, उघडे तोंड आणि एक हात वर, असे त्यांचे रूप आहे. परंतु त्यांपैकी एकीच्या कमरेला मागे विळा खोचलेला आहे. अशी रचना घोड्याचा लगाम धरून चालणाऱ्या मोतद्दारांच्या इतर मूर्तींशी जुळते. त्यामुळे हे नर्तक नसून मोतद्दार असावेत, हे मत आता अनेकांना ग्राह्य वाटते. कुंपणाबाहेरच्या रांगेतील एक सेवक आपल्या नजरेला आनंदी नर्तक वाटला, यात हानिवांपेक्षा आपल्याच अपेक्षांचा भाग अधिक होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या निर्विकार चेहऱ्यांत जपानी जनतेच्या त्यागवृत्तीचा आदर्श शोधला गेला, तोही असाच आरोपित अर्थ होय.

चीनमधील दफनमूर्तींशी तुलना : चीनमध्ये थडग्यात ठेवावयाच्या मूर्तींना ‘युंग’ म्हणतात. तेथे शांग राजवटीत राजांबरोबर मोठ्या संख्येने माणसे पुरल्याचे आन्यांग येथील उत्खननांत प्रत्यक्ष दिसून आले आहे. छिन राज्यात इ. स. पू. ६२१ मध्ये राजा मू याच्याबरोबर १७७ माणसे पुरली गेल्याची नोंद आहे, इ. स. पू. ३८४ मध्ये तेथे ही चाल बंद करण्यात आली. म्हणून चीनपुरते, मूर्ती ही बळीचा पर्याय ठरली, असे म्हणण्यास आधार आहे. तरीही कन्फ्यूशसने अशा मूर्ती प्रथम करणाऱ्यांचा कठोर निषेध केल्याचे मेन्सियस सांगतो. हुबेहूब माणसासारखी मूर्ती पुरणे हे माणूस पुरण्याच्या कल्पनेला जिवंत ठेवणे आहे, असा त्या निषेधाचा आशय समजला जातो. पर्याय म्हणजे सुधारणा की त्याच विचाराची सातत्यता, हा प्रश्न त्याने प्राचीन काळीच उपस्थित केला, हे लक्षणीय आहे.

सम्राट छिन श र ह्वांग (मृत्यू इ. स. पू. २१०) याच्या थडग्याजवळ १९७४ मध्ये सापडलेली हजारो मृण्मय सैनिकांची सेना आणि हानिवा यांची तुलना नेहमी केली जाते. दोहोंमधील मूलभूत फरक मात्र स्थानाचा आहे. चिनी सेना जमिनीखाली, छताने झाकलेल्या खड्ड्यांत पुरलेली होती. ती केवळ मृताच्या सेवेसाठी होती व कोणाही जिवंत माणसाने ती पाहावी, अशी अपेक्षा नव्हती. हानिवा उघड्या आकाशाखाली, टेकाडावर व बांधावर उभे होते. ते मृताइतकेच जिवंतांना उद्देशून होते. ऊनपावसात ते झिजत, फुटत; आणि तसे होऊ दिले जाई. त्यांच्या चेहऱ्यांचा ढोबळपणा हा कारागिरीचा उणेपणा नसून दुरून ओळखू येण्याच्या गरजेचा परिणाम असावा.

ऱ्हास : सहाव्या शतकाच्या मध्यानंतर राजसत्तेच्या केंद्रप्रदेशात हानिवा मागे पडले. पूर्वेकडील कांतो प्रदेशात मात्र ते शतकाच्या अखेरपर्यंत जोमाने घडविले जात होते. ताकासाकी येथील वातानुकी कान्नोनयामा थडग्यावरील एकाच बैठकीवर बसलेल्या तीन मुलींची सुंदर मूर्ती याच काळातील. निहोन शोकीनुसार ५५२ मध्ये, आणि अन्य परंपरेनुसार ५३८ मध्ये, बौद्ध धर्म कोरियामार्गे जपानच्या दरबारात आला. ५८८ मध्ये आसुका येथे मोठ्या विहाराचे काम सुरू झाले. सत्ता व श्रद्धा यांचे प्रदर्शन करण्याचे स्थान आता टेकाडाऐवजी मंदिर झाले, आणि मृताच्या गतीविषयीच्या कल्पनाही बदलल्या. ६४६ च्या आज्ञेने थडग्यांच्या आकारावर मर्यादा घातल्या, तेव्हा हानिवांची प्रथा आधीच संपलेली होती.

संशोधन व जतन : नळकांडी हानिवांच्या घडणीतील बारीक फरकांवरून कावानिशी हिरोयुकी यांनी १९७८ मध्ये त्यांचा पाच टप्प्यांचा कालक्रम मांडला. कोणतेही कोरीव लेख नसलेल्या थडग्यांचा काळ ठरविण्याचे ते प्रमुख साधन झाले. साध्या नळकांड्याचा हा उपयोग आकर्षक मूर्तींपेक्षा अधिक मोलाचा ठरला आहे. दाइसेनसह जी थडगी राजघराण्याची मानली जातात, ती राजपरिवार व्यवस्थापन संस्थेच्या ताब्यात असून त्यांच्या मुक्त उत्खननास अनुमती नाही. दुरुस्तीच्या निमित्ताने मिळणाऱ्या मर्यादित अवशेषांवरच तेथे भिस्त ठेवावी लागते. इमाशिरोझुका अशा यादीत नसल्यामुळेच त्याचे सविस्तर उत्खनन होऊ शकले. २०११ मध्ये तेथे उद्यान उघडण्यात आले असून हानिवांच्या प्रतिकृती मूळ क्रमाने उभ्या केल्या आहेत. ओता येथील योद्ध्यावर अलीकडे केलेल्या दुरुस्ती व तपासणीत पांढरा, तांबडा व करडा असे रंग असल्याचे निष्पन्न झाले. याच घडणीच्या आणखी चार मूर्ती ज्ञात आहेत. त्यांतील एक अमेरिकेतील सिॲटल येथे आहे. टोकिओ येथे २०२४ मध्ये भरलेल्या प्रदर्शनात त्या पाचही प्रथमच एकत्र पाहावयास मिळाल्या.

हानिवांचा आध्यात्मिक अर्थ एका सूत्रात सांगता येत नाही. साडेतीनशे वर्षांत तो पालटत गेला. प्रथम ते अर्पणपात्र होते, मग सीमा झाले, त्यानंतर आत्म्याचे घर व त्याचे रक्षक, आणि अखेर मृताभोवती जमलेला समाज. या सर्व रूपांतरांमागे एक समजूत मात्र कायम दिसते : मृत सत्ताधीश नाहीसा झालेला नाही, तो टेकाडाच्या माथ्यावर वस्ती करून आहे आणि त्याचे जिवंतांशी असलेले नाते नीट राखले पाहिजे. करुणेने निर्माण झालेले बळीचे पर्याय ही कथा इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. परंतु ज्यांनी ती रचली, त्यांनाही थडग्यावरील या मातीच्या माणसांकडे पाहून जिवंत माणसांचीच आठवण झाली होती.